समूह विद्यापीठ होताना: विद्याशाखा ठेवायच्या की कॉलेजं अर्ध-स्वायत्त करायची?

फळा-खडू (धागाकर्ता)

आमच्या संस्थेची एकाच जिल्ह्यात चार कॉलेजं आहेत. दोन जुनी, अनुदानित. एक विनाअनुदानित, कॉम्प्युटर-मॅनेजमेंटचं. एक बी.एड.चं. राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस समूह विद्यापीठांचे (म्हणजे एकाच संस्थेची काही कॉलेजं मिळून होणाऱ्या विद्यापीठांचे) निकष ठरवले तेव्हापासून संस्थाचालकांच्या मनात हे घोळत होतं, आता त्याला वेग आलाय. किमान दोन आणि कमाल पाच कॉलेजं, मुख्य कॉलेजात २००० आणि सगळी मिळून ४००० विद्यार्थी, हे गणित आमचं बसतं. नॅकचं, म्हणजे दर्जाचं, मूल्यांकनही बरं आहे. त्यामुळे 'करायचं का' हे आम्हाला कोणी विचारलेलंच नाही. 'कसं करायचं' यासाठी समिती नेमली आहे आणि तीत मी आहे. (ज्येष्ठता वगैरे काही नाही, मराठी टायपिंग येतं म्हणून.)

समितीत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, विद्यापीठ म्हटलं की विद्याशाखा हव्यात. चारही कॉलेजांतले विभाग एकत्र करा, भौतिकशास्त्र एकच, वाणिज्य एकच, प्रत्येक विद्याशाखेला एक अधिष्ठाता (डीन). दुसरा म्हणतो, कॉलेजं आहेत तशी राहू द्या, त्यांना अभ्यासक्रम, परीक्षा आणि थोडाफार पैसा यांचे अधिकार द्या, विद्यापीठाने वरून फक्त पदवी द्यावी आणि दर्जा बघावा.

परवाच्या बैठकीत प्राचार्यांनी दोन पानं फिरवली. एकावर वर कुलगुरू, खाली विद्याशाखा, त्याखाली विभाग. दुसऱ्यावर वर कुलगुरू, खाली चार कॉलेजं, त्यांच्या पोटात विभाग. संख्याशास्त्राच्या मॅडमनी दोन्ही पानं शेजारी ठेवून विचारलं, "यातल्या कुठल्या पानावर माझा वर्कलोड आठवड्याला सोळा तास भरतो?" सगळे हसले. उत्तर कोणी दिलं नाही.

माझा कल दुसऱ्या पानाकडे आहे, पण भीतीही त्याचीच जास्त वाटते. ज्यांनी अशी मोडतोड आतून किंवा जवळून पाहिली आहे त्यांनी लिहावं. संस्थेचं नाव विचारू नका, जिल्हा ओळखलात तरी लिहू नका.

---

चहाटळ

वाचतोय. आमच्या इथे एका कॉलेजची दोन झाली तेव्हा अभ्यासक्रम चुटकीसरशी वेगळे झाले, घोडं अडलं ते सायकल स्टँडच्या ठेक्यावर. तेवढं आधी मिटवून घ्या.

---

एटीकेटी

विद्यार्थी म्हणून एकच प्रश्न. पदवीवर नाव कोणाचं?

मी स्वायत्त कॉलेजातून बी.एस्सी. केलं. पेपर कॉलेजचे, निकाल कॉलेजचा, पण पदवी विद्यापीठाची आणि तिच्यावर कॉलेजचं नाव. मुलाखतीत कोणी 'हे कुठलं विद्यापीठ' म्हणून विचारलं नाही. समूह विद्यापीठात ते छत्र जातं. चर्चगेटच्या के. सी. आणि एच. आर. ही नावं मुंबईत कोणाला सांगावी लागत नाहीत, पण २०२० पासून तिथली पदवी एचएसएनसी या समूह विद्यापीठाची असते. ती कॉलेजं मुंबईची म्हणून निभावतं. तालुक्याच्या गावातल्या पोराने नव्या विद्यापीठाची पदवी घेऊन पुण्यात नोकरी मागितली तर पहिली पाच वर्षं तो विद्यापीठाची ओळख करून देण्यातच घालवणार.

---

रोस्टरग्रस्त

फळा-खडू सर, माझी हयात विद्यापीठाच्या आस्थापना विभागात गेली, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

विद्याशाखा म्हणजे काहीतरी सनातन गोष्ट आहे असं समितीतल्या मंडळींना वाटत असेल तर त्यांना राज्याचा १९९४ चा आणि २०१६ चा विद्यापीठ कायदा शेजारी ठेवून दाखवा. १९९४ च्या कायद्याखाली विद्याशाखा भरपूर होत्या: कला, ललित कला, मानसनीती व सामाजिक शास्त्रे, विधी, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, शिक्षणशास्त्र... अधिष्ठाता निवडून यायचा आणि मानद असायचा. सकाळी आपल्या कॉलेजात तास घेऊन दुपारी विद्यापीठात फायली बघायचा. राजकारण होतंच, पण विधी शाखेचा अधिष्ठाता विधीचाच माणूस असायचा.

२०१६ च्या कायद्याने सगळ्यांच्या चार मोटा बांधल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आंतरविद्याशाखीय अभ्यास. अधिष्ठाता पूर्णवेळ झाला, निवडणूक जाऊन नेमणूक आली. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि साधं बी.एस्सी. एकाच माणसाच्या टेबलावर आलं. कायदा आणि मराठी साहित्य एकाच मोटेत गेले. आता विचारा, यामुळे वर्गात काय बदललं? अभ्यास मंडळं विषयवार होती तशीच राहिली आणि अभ्यासक्रम तीच बनवतात. बदलली ती फाईलची वाट.

म्हणून तुमच्या दोन पानांवर माझं म्हणणं एवढंच, की चौकटींची नावं बाजूला ठेवा आणि तीन सह्या शोधा. चेकवर सही कोणाची, भरतीच्या जाहिरातीवर सही कोणाची, निकालावर सही कोणाची. तिन्ही सह्या ज्या चौकटीत असतील तिथे स्वायत्तता. आपल्याकडे 'स्वायत्त कॉलेज' म्हणतो त्याच्याकडे यातली फक्त तिसरी असते. अनुदानित पदाची मंजुरी उच्च शिक्षण सहसंचालकांकडून, पगार सरकारच्या सेवार्थ प्रणालीतून, जाहिरातीला ना-हरकत मंत्रालयातून. पेपर मात्र तुमचे तुम्ही काढा!

आता रोस्टर. हे कोणी बैठकीत बोलणार नाही. एकक बदललं की बिंदुनामावली, म्हणजे कितवं पद कोणत्या प्रवर्गाला याचा तक्ता, बदलते. आरक्षणासाठी विभाग हे एकक धरायचं की संपूर्ण संस्था, यावरून अलाहाबाद उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल, मग अनुदान आयोगाचं २०१८ चं परिपत्रक, मग देशभर '१३ पॉइंट (विभागवार) विरुद्ध २०० पॉइंट (संस्थावार)' आंदोलनं आणि शेवटी २०१९ चा केंद्रीय कायदा, एवढं रामायण झालंय. एकक लहान केलं की एक-दोन पदांच्या विभागात राखीव जागा येतच नाही, हा त्यातला मुद्दा. चार कॉलेजांचे विभाग जोडले तरी बिंदू हलणार, कॉलेजं वेगळी ठेवली तरी प्रश्न येणार. आधी मागासवर्ग कक्षाकडून समजून घ्या, नाहीतर भरती कोर्टात अडकली म्हणून समजा.

---

फळा-खडू

रोस्टरग्रस्त काका, मनापासून आभार. 'तीन सह्या' समितीपुढे ठेवतो. रोस्टरचा विषय काढला तर चहा येईपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघतील.

---

क्लाइडकाठ

मी ग्लासगोत राहतो, इथल्या विद्यापीठात शिकलो. तुमचा पहिला तट ज्याला 'विद्यापीठ' म्हणतो ती रचना इथे २०१० मध्ये मोडली. नऊ विद्याशाखा होत्या, त्यांची चार कॉलेजं केली: कला; वैद्यक, पशुवैद्यक व जीवशास्त्रे; विज्ञान व अभियांत्रिकी; सामाजिक शास्त्रे. शेजारच्या एडिंबराने हेच २००२ मध्ये तीन कॉलेजं करून केलं होतं.

गंमत अशी की इथलं 'कॉलेज' म्हणजे आपल्याकडचं कॉलेज नव्हे. त्याला वेगळी इमारत नाही, वेगळं गॅदरिंग नाही, प्रवेशाची वेगळी रांग नाही. ती मुळात पैशाची आणि माणसांची चौकट आहे. कॉलेजचा प्रमुख हा विद्यापीठाचा उपप्रमुखही असतो, म्हणजे खालची बाजू मांडणारा आणि वरून अंदाजपत्रक घेऊन येणारा माणूस एकच. रोस्टरग्रस्तांच्या हिशोबाने पहिल्या दोन सह्या कॉलेजच्या बऱ्याच जवळ आल्या, तिसरी विद्यापीठाकडेच राहिली. बरोबर आपल्या उलट.

विद्यार्थ्यांना यातलं काही कळत नाही. कॉलेजच्या खाली 'स्कूल' असतात, मुलांचा संबंध त्यांच्याशी. मला माझ्या कॉलेजचं पूर्ण नाव पदवीदानाच्या पत्रकावर पहिल्यांदा नीट वाचायला मिळालं.

---

हिमरेषा

क्लाइडकाठ, तुमच्याकडे ते शांतपणे झालं असेल, आमच्याकडे कॅनडात एडमंटनला पैशाच्या कडकीत झालं. मी अल्बर्टा विद्यापीठात नोकरी करत नाही, पण या गावात राहून तो विषय टाळता येत नव्हता. प्रांताच्या सरकारने अनुदान जोरात कापलं आणि २०२० मध्ये प्रशासनाने फेररचना काढली. डिसेंबर २०२० मध्ये नियामक मंडळाने मंजुरी दिली, जुलै २०२१ पासून तीन कॉलेजं सुरू: आरोग्यशास्त्रे, नैसर्गिक व उपयोजित शास्त्रे, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या.

फळा-खडू सर, तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. एक, त्यांनी विद्याशाखा मोडल्या नाहीत. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, कायदा या सगळ्या आपापल्या डीनसह जिवंत आहेत, फक्त त्यांच्या वर कॉलेजचा एक मजला चढवला. कार्यालयीन कामं त्या मजल्यावर एकत्र आणून खर्च वाचवायचा, हा विचार. आणि तीन विद्याशाखा कॉलेजांच्या बाहेरच ठेवल्या: कॅमरोजचा ऑगस्टाना परिसर, फ्रेंच भाषेतून शिकवणारी सँ-जाँ आणि आदिवासी अभ्यासाची नेटिव्ह स्टडीज. त्यांचं वेगळेपण मोठ्या कॉलेजात विरून जाईल, हे मान्य झालं. तुमच्या बी.एड. कॉलेजसाठी हे लक्षात ठेवा. चार चौकटी सारख्या आकाराच्या केल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

दोन, खरं भांडण वरच्या खुर्चीवरून झालं. प्राध्यापकांच्या परिषदेचं म्हणणं होतं की कॉलेजवर आणखी एक वरिष्ठ डीन नको, डीन मंडळींनी मिळून चालवावं. नियामक मंडळाने परिषदेचा ठराव आला तरी कॉलेजला डीन दिलाच. किती कॉलेजं, कोणती विद्याशाखा कुठे, यावर जेवढी चर्चा झाली त्याहून जास्त कडवटपणा या एका खुर्चीने आणला.

---

वादे_वादे

सगळे चौकटी काय काढताय! स्वायत्तता कोणाला, ते बोला. शिक्षकाला, प्राचार्याला की संस्थाचालकाला?

आजच्या विद्यापीठाला कितीही नावं ठेवा, तिथे अधिसभा (सिनेट) आहे. पदवीधरांचे दहा, शिक्षकांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात, अर्थसंकल्पावर बोंब मारतात, वर्तमानपत्रात छापून येतं. कॉलेजच्या व्यवस्थापनाने त्रास दिला तर शिक्षकाला तक्रार घेऊन जायला विद्यापीठ नावाचं बाहेरचं दार आहे. तुमचं समूह विद्यापीठ झालं की संस्थाही तीच, विद्यापीठही तेच. मग दार कुठलं? फळा-खडू, समितीत हा एक प्रश्न विचारून दाखवा.

---

फळा-खडू

वादे_वादे, प्रश्न रास्त आहे, सूर जरा खाली घ्या. मी नोकरीत आहे. विचारीन, पण 'तक्रार निवारणाची द्विस्तरीय यंत्रणा' असा भारदस्त शब्द वापरून विचारीन. तसा विचारला की इतिवृत्तात जातो.

---

माटुंग्याची_चिमणी

वादे_वादेंचं बरोबर असलं तरी एक उदाहरण उलटं आहे आणि ते आपल्याच घरातलं. यूडीसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालं. विभाग, कॉलेज नव्हे. म्हणजे विद्याशाखेच्या पोटातलं एक खातं. पुढे त्याला विद्यापीठाअंतर्गत स्वायत्तता मिळाली आणि २००८ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं, आजचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी).

ते का जमलं? मी तिथली म्हणून कौतुक करत्येय असं धरा हवं तर. माझ्या मते स्वायत्ततेचा कागद यायच्या कितीतरी आधी तिथे स्वतःचा पैसा होता. रंग, औषधं, कापड, तेल या उद्योगांत माजी विद्यार्थी मालक होऊन बसलेले. त्यांनी देणग्या दिल्या, अध्यासनं उभी केली, सल्ल्याची कामं आणली. प्रा. ज्येष्ठराज जोशी संचालक होते त्या काळात हे फार वाढलं. काकांची पहिली सही तिथे निम्मी-अधिक हातात होती, मग बाकीच्या मागून आल्या. तुमच्या चार कॉलेजांत फी आणि अनुदान सोडून तिसरा पैसा आहे का? नसेल तर अर्ध-स्वायत्ततेतलं अर्ध कुठलं, ते आधी ठरवा.

---

चहाटळ

तिसरा पैसा: लग्नाला ग्राउंड भाड्याने देणे. चौथा: स्पर्धा परीक्षांची केंद्रं. आहे की.

---

गोपनीय_खोली

कॉलेज स्वायत्त झालं तेव्हा मी परीक्षा नियंत्रक होते. मूळ विषय रसायनशास्त्र. नियंत्रक होण्याचं प्रशिक्षण म्हणजे एका शेजारच्या कॉलेजात घालवलेली एक दुपार आणि जुन्या प्राचार्यांचा 'घाबरू नका' हा सल्ला.

तिसरी सही हातात आली की काय होतं ते सांगते. जिन्याखालची स्टोअररूम रिकामी करून तिला लोखंडी दार लावलं, ती आमची गोपनीय खोली. आत एक मोठं झेरॉक्स मशीन, पंखा एकच. परीक्षेच्या दिवशी सकाळी सहाला दोन शिपाई, एक क्लार्क आणि मी, मोबाईल बाहेरच्या टेबलावर, अशी छपाई चालायची. एक पेपर सुरू व्हायच्या थोडं आधी मशीनमध्ये कागद अडकला आणि उरलेल्या प्रती प्राचार्यांच्या घरच्या प्रिंटरवर काढू या का, असा प्रस्ताव आला. नाही म्हटलं. पेपर वीस मिनिटं उशिरा सुरू केला, इतिवृत्त लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. विद्यापीठाकडे परीक्षा असताना असा उशीर झाला की आम्ही कॉमनरूममध्ये बसून विद्यापीठाला शिव्या घालायचो. आता शिव्या मलाच.

पण परत विद्यापीठाकडे जायचं का, असं विचारलंत तर नाही. २०१७ आठवा. मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम स्क्रीनवर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने लांबले, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं हवालदिल झाली आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. सात जिल्ह्यांचा, लाखो उत्तरपत्रिकांचा कारभार एका ठिकाणाहून हाकला की एका निर्णयाची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. झेवियर्स २०१० पासून स्वायत्त होतं, त्यांचे निकाल त्यांनी लावले. माझी चूक माझ्या कॉलेजपुरती राहते, आणि मुलगी थेट माझ्या दारात येऊन 'मॅडम, माझा पेपर पुन्हा बघा' म्हणू शकते. मी बघतेही.

फळा-खडू सर, कॉलेजं अर्ध-स्वायत्त ठेवलीत तर चार गोपनीय खोल्या करू नका. एकच करा, माणसं चांगली द्या, पूर्णवेळ द्या. प्रश्नपत्रिका काढणं आणि तपासणं कॉलेजकडे, छपाई आणि गुणनोंद विद्यापीठाकडे. तिसरी सही अशी दोन ठिकाणी वाटता येते.

---

रोस्टरग्रस्त

गोपनीय_खोली ताई, 'इतिवृत्त लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या' वाचून डोळे पाणावले. आस्थापनेत तुमच्यासारख्या दोघी मिळाल्या असत्या तर रक्तदाब वेळेवर आटोक्यात आला असता.

---

कोकणकडा

सगळे निघून जाणाऱ्यांचं बोलताय. राहणाऱ्यांचं कोण बोलणार?

मुंबई विद्यापीठाला आठशेच्या वर कॉलेजं संलग्न आहेत, पार सिंधुदुर्गापर्यंत. एका सहीसाठी, एका ट्रान्सक्रिप्टसाठी आमच्या पोरांनी रात्रीची गाडी पकडून कलिना गाठलंय. रत्नागिरीला उपकेंद्र आहे, तरी काही कामं मुंबईतच. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी उगीच होत नाही. आता मोठी, श्रीमंत, नॅकवाली कॉलेजं एकेक करून विद्यापीठ होणार. विद्यापीठाचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क. ज्यांच्याकडून ते जास्त येतं तीच गेली की उरलेल्यांच्या परीक्षांचा खर्च कोण सोसणार? खारेपाटणसारख्या गावांतल्या छोट्या कॉलेजांना ना समूह होता येतं ना स्वायत्त. नव्या शैक्षणिक धोरणात पंधरा वर्षांत संलग्नता पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचं लिहिलंय. ठीक. मग आमचं काय करणार, तेही लिहा.

---

माण_खटाव

कोकणकडा +१. पण साताऱ्याकडे बघा. रयतची तीन कॉलेजं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं: छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय. कला, विज्ञान, वाणिज्य आधीपासूनच तीन वेगळ्या कॉलेजांत. म्हणजे तिथे कॉलेज हीच विद्याशाखा! फळा-खडूंच्या दोन पानांचं तिथे एकच पान होतं. धाग्यातला निम्मा वाद अशा ठिकाणी उद्भवतच नाही. तुमची दोन अनुदानित कॉलेजं दोन्हीकडे कला-वाणिज्य-विज्ञान शिकवतात का? तसं असेल तर खरी गोची तिथे आहे.

---

फळा-खडू

माण_खटाव, नेमकं पकडलंत. दोन्हीकडे तिन्ही शाखा. मराठीचे दोन विभाग, अर्थशास्त्राचे दोन, संख्याशास्त्राचे दोन. एकाकडे विद्यार्थी ओसंडतात, दुसऱ्याकडे तिसऱ्या वर्षाला सात जण.

विद्याशाखा केल्या तर हे विभाग जुळतात. मग सहायक प्राध्यापकाचे सोळा तास मोजायला बसलो की कोणीतरी अतिरिक्त ठरतो. अनुदानित पद एकदा अतिरिक्त ठरलं की परत मंजूर करून आणणं किती कठीण ते काका सांगतील. कॉलेजं वेगळी ठेवली तर पदं वाचतात, पण सात मुलांच्या वर्गासमोर एक शिक्षक आणि चार किलोमीटरवर साठ मुलांसमोर दुसरा, हे तसंच चालू राहतं. विद्याशाखावाल्यांचा मुद्दा खोटा नाही, एवढंच म्हणतोय.

---

रोस्टरग्रस्त

अतिरिक्त ठरलेलं पद म्हणजे चाळीत सोडलेली खोली, परत मिळत नाही. सुचवण्यासारखं एक आहे. पद कॉलेजकडे ठेवा, तास विद्यापीठभर मोजा. शिक्षकाचं नाव, सेवापुस्तक, पगारपत्रक त्याच्या कॉलेजात. शिकवायला दोन्हीकडे जाईल. दोन कॉलेजांमधल्या प्रवासाचा वेळ कार्यभारात धरायचं लेखी घ्या, तोंडी नको. आणि हा करार परिनियमात घाला, परिपत्रकात नको. परिपत्रक पुढचा कुलगुरू पहिल्या आठवड्यात बदलतो.

---

एटीकेटी

होमी भाभा विद्यापीठाचं कोणी का बोलत नाही? सगळ्यात जुनी नावं तर तिथे आहेत.

---

वादे_वादे

बोलतो. डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ, २०१९. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज. एल्फिन्स्टनमध्ये बाबासाहेब शिकले, सिडनहॅममध्ये त्यांनी १९१८ पासून शिकवलं. नावाला तोड नाही. पण चारही शासकीय. शासकीय कॉलेजातला प्राध्यापक लोकसेवा आयोगातून येतो आणि बदलीला पात्र असतो. विद्यापीठाने एखादा विभाग उभा करायचा, माणूस हेरायचा, आणि एक दिवस त्याच्या हातात नागपूरचा किंवा अमरावतीचा आदेश! काकांची दुसरी सही मंत्रालयात असल्यावर विद्यापीठ स्वायत्त कसं, ते मला समजावून सांगा.

---

मांडवीतीर

पणजीहून नमस्कार. गोवा विद्यापीठाने विद्याशाखा काढून 'स्कूल' केली. भाषांचं शणै गोंयबाब स्कूल, समाजशास्त्रांचं डी. डी. कोसंबी स्कूल, वाणिज्याचं गोवा बिझनेस स्कूल, कायदा-प्रशासनाचं मनोहर पर्रीकर स्कूल. नावं छान दिली, याबद्दल दुमत नाही. पण ही मोडतोड विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांची. बाहेरच्या कॉलेजांना तिचा स्पर्श नाही, ती संलग्नच. स्वायत्तता त्यांना वेगळ्या वाटेने मिळते, जशी मडगावच्या चौगुले कॉलेजला २०१४ मध्ये मिळाली, गोव्यात पहिली.

म्हणजे एकाच छोट्या राज्यात दोन्ही पानं एकाच वेळी चालू आहेत, आणि दोघांची गाठ फक्त पदवीदानाला पडते. तसं न होईल एवढं बघा. विभाग एकीकडे स्कूल म्हणून पळतोय आणि कॉलेज दुसरीकडे स्वायत्त म्हणून, असं झालं की एम.ए.ला आलेल्या मुलाचं बी.ए. काय झालंय हे प्राध्यापकाला पहिल्या घटक चाचणीत कळतं.

---

क्लाइडकाठ

अवांतर: १८५७ ची मुंबई, कोलकाता, मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली, म्हणजे शिकवायचं नाही, फक्त परीक्षा घ्यायच्या. लंडनने ते १९०० च्या सुमारास बदललं आणि शिकवणारं, अनेक कॉलेजांचा संघ असलेलं विद्यापीठ झालं. तिथेही इम्पीरियल कॉलेज २००७ मध्ये संघातून बाहेर पडलंच. किंग्ज, यूसीएल मात्र स्वतःची पदवी देऊनही आत आहेत. बाहेर न पडता स्वतःची पदवी देता येते, ही सोय आपल्या कायद्यात कोणी मागितली आहे का?

---

फळा-खडू

समितीची पुढची बैठक झाली. मसुद्यात काय गेलं ते थोडक्यात, कारण पूर्ण लिहिलं तर उद्या कोणीतरी स्क्रीनशॉट फिरवेल.

कॉलेजं अर्ध-स्वायत्त राहणार. विद्याशाखा असतील, पण अभ्यास मंडळांपुरत्या, त्यांना प्रशासन नाही. पदं कॉलेजकडे, तास विद्यापीठभर. हे काकांच्या शब्दांत जसंच्या तसं घातलं, प्रवासाच्या वेळेसकट. गोपनीय खोली एकच. बी.एड. कॉलेज वेगळ्या तऱ्हेचं म्हणून बाजूला, हिमरेषा ताईंचं एडमंटन सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी 'तिथेही असंच आहे का?' असं दोनदा विचारलं. परदेशाचं नाव काढलं की आमचे लोक ऐकतात.

चेकची सही हलली नाही. प्रत्येक कॉलेजला किती रकमेपर्यंत स्वतः खर्च करता येईल, त्या ओळीत आकडा रिकामा आहे. 'संस्था ठरवेल तितका' असं कंसात पेन्सिलीने लिहिलंय. तक्रार निवारणाच्या द्विस्तरीय यंत्रणेत दुसऱ्या स्तरावर संस्थेचे अध्यक्ष आहेत. वादे_वादे, काही बोलू नका.

---

वादे_वादे

बोलत नाही. पेन्सिलीची ओळ पेनने लिहिल्याशिवाय मसुद्यावर सही करू नका, एवढंच टाईप करून थांबतो.

---

गोपनीय_खोली

गुणनोंदीचं सॉफ्टवेअर कोणाचं घेताय? ठेकेदाराबरोबर करार करताना 'विदा (डेटा) विद्यापीठाच्या मालकीची राहील आणि करार संपल्यावर वाचता येईल अशा स्वरूपात परत देण्यात येईल' हे वाक्य घाला. आमच्याकडे नव्हतं. तीन वर्षांच्या गुणपत्रिका पीडीएफवरून पुन्हा टाईप केल्या.

---

एटीकेटी

आणि जुन्या बॅचचं? आत्ता दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं जुन्या विद्यापीठाची की नव्याची? माझी धाकटी बहीण अशाच एका कॉलेजात आहे, घरात रोज विचारणा चालू आहे.

---

रोस्टरग्रस्त

ज्या विद्यापीठात नोंदणी झाली त्याच विद्यापीठाची पदवी, अशी तजवीज करतात. बॅकलॉगच्या परीक्षा किती वर्षं आणि कोण घेणार, हे मात्र अधिसूचनेत किंवा दोन विद्यापीठांच्या करारात आहे का ते बघायला सांगा. बहिणीला म्हणावं पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), पात्रता प्रमाणपत्र आणि आतापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेव. कॉलेजचा जुना परीक्षा क्लार्क कोणत्या महिन्यात निवृत्त होतोय तेही विचारून घ्यायला सांगा.